शेवटचं गिऱ्हाईक उठेपर्यंत

४ फेब्रुवारी

भिंगरे,

गेल्या खेपेला तू इथं छत्री विसरलीस, चार्जर विसरलीस, आणि इथून गेल्यावर आजीलाही विसरलीस. छत्री मी वापरते आहे. चार्जर शिंपी वापरतो आहे. आजीचं काय करायचं ते तेवढं कळव.

हे पत्र शिंपीच लिहितो आहे, आपल्या खानावळीसमोरच्या दुकानातला. तुझ्या आईला सांगितलं असतं, पण ती मी सांगते ते लिहीत नाही, तिला बरं दिसेल ते लिहिते. शिंपी मापात राहतो. एका पानाला एक वाटी सूप असा आमचा ठराव आहे, त्यामुळे अक्षर जरा मोठं काढतो. (अक्षर पहिल्यापासूनच मोठं आहे. – लिहिणारा)

फोनवर बोलू असं म्हणू नकोस. फोनवर तुझा आवाज म्हणजे तापल्या कढईत पाणी टाकल्यासारखा येतो, आणि मग मी सगळ्याला हो म्हणत सुटते. मागे असंच हो हो म्हणून तुझ्या आत्याचं कुत्रं महिनाभर सांभाळलं. पत्र बरं. शिंपी वाचतो, मी ऐकते, पटलं नाही तर परत वाचायला लावते.

खानावळ ठीक चालली आहे. तू गल्ल्यावर बसवून दिलेलं ते यंत्रही चालतं. वाटीच्या चित्राला बोट लावलं की सूप, पावाच्या चित्राला लावलं की पाव. तेच चित्र आत तुझ्या आईच्या पडद्यावर उमटतं. गिऱ्हाईक उठलं की हिरवी खूण दाबायची, म्हणजे संपलं. पूर्वी मी इथून ओरडायचे, ती आतून ओरडायची. आता मी ओरडत नाही तर लोक विचारतात, बरं नाही का वाटत.

आता मुद्द्याचं. तुझ्या आईला तू सांगितलंस म्हणे, सर्व्हर बंद करायचा आहे म्हणून झोप लागत नाही. वर्षभर तो बंद पडेल म्हणून झोप लागत नव्हती. म्हणजे तुला नक्की हवं आहे काय? आणि नोकरी कायम झाली का? झाली नसेल तर इथं गल्ल्यामागचं स्टूल रिकामं आहे. मी आपली नुसती माहिती देते.

तुझी,
आजी

१२ फेब्रुवारी

प्रिय आजी,

छत्री ठेव. चार्जर शिंपीकाकांच्या हातून सुटणार नाही, मी दुसरा घेतला. तुला विसरले नाही. वेळ मिळत नाही आणि मिळाला की झोप येते.

सर्व्हरचं सांगते. तुझ्यासारख्या पुष्कळ खानावळींची यंत्रं एकाच मोठ्या यंत्राला जोडलेली आहेत. ते आमच्या ऑफिसच्या मागच्या खोलीत असतं. खोली इतकी थंड ठेवतात की मी तिथं स्वेटर घालून बसते. त्या यंत्रावर लिनक्स नावाची व्यवस्था चालते, आणि तिच्या जिवावर एक डेटाबेस. डेटाबेस म्हणजे सगळ्यांच्या ऑर्डरी लक्षात ठेवणारा. तू वाटीला बोट लावतेस ते तो ऐकतो. पण ऐकल्याबरोबर प्रत्येक गोष्ट तिच्या कायमच्या जागी नेऊन ठेवत नाही. आधी भराभर टिपून घेतो, बरंचसं हातातच धरतो आणि सवडीने जागेवर लावतो. म्हणून त्याला बंद करताना हातातलं खाली ठेवायला वेळ द्यावा लागतो.

आता तो जुन्या यंत्रावरून नव्या यंत्रावर न्यायचा आहे. त्यासाठी आधी बंद करायचा. मागच्या वर्षी आमच्या साहेबांनी त्याची वायरच ओढली होती, कारण त्यांना एका लग्नाला पोचायचं होतं. परत चालू केला तर तो बसला आपली टिपणं जुळवत. तेवढ्यात नाश्त्याची वेळ होऊन गेली आणि सगळ्या खानावळींनी फोनवरून आमचा उद्धार केला. साहेब लग्नात जेवत होते. फोन मी घेत होते.

बंद करायच्या तीन तऱ्हा आहेत. एक सबुरीची. नवीन कुणाला आत घ्यायचं नाही, आत आहेत ते आपणहून जाईपर्यंत थांबायचं, मग आवरून दार लावायचं. दुसरी घाईची. आत आहेत त्यांना लगेच उठवायचं, ज्याचं अर्धवट राहिलं ते झालंच नाही असं धरायचं, पण त्यानंतर आवराआवर मात्र पुरती करायची. तिसरी म्हणजे काही न आवरता निघून जायचं. मग पुढच्या वेळी चालू करताना सगळा पसारा त्यालाच निस्तरावा लागतो. वायर ओढणं म्हणजे या तिसरीचीच थोरली बहीण.

हे काम साहेबांनी माझ्याकडे दिलं आहे. डेटाबेस नीट बंद झाला आणि एकाही खानावळीची तक्रार आली नाही, तर मी कायम. नाहीतर मार्चअखेर उमेदवारी संपली की घरी. आजी, मला ही नोकरी हवी आहे. स्वेटर घालून त्या खोलीत बसले की मला बरं वाटतं. तिथं काय चाललं आहे ते मला कळतं, आणि बाहेर कुठे इतकं कळत नाही.

तू मात्र तुझ्या यंत्राची वायर कधी ओढू नकोस. आईलाही सांग.

तुझी,
भिंगरी

२० फेब्रुवारी

भिंगरे,

तुझं पत्र शिंप्याने दोनदा वाचलं. एकदा माझ्यासाठी, एकदा गिऱ्हाइकांच्या आग्रहाखातर. "साहेब लग्नात जेवत होते" या वाक्याला सगळे हसले.

तुझ्या तिन्ही तऱ्हा मला ठाऊक आहेत. खानावळ मीही रोज बंद करते. सबुरीची म्हणजे मी. दाराची फळी अर्धी लावायची, नवीन आला तर हात जोडायचे, आतल्यांना मात्र जेवू द्यायचं. घाईची म्हणजे तुझी आई. पंखा बंद करते, खुर्च्या उलट्या करून टेबलावर चढवते आणि माणूस अजून खाली बसलेला असतो. तिसरी म्हणजे तुझे आजोबा. ते हातातला पळा भांड्यात तसाच सोडून कुठेही निघून जात, आणि मागून मी भांडी घासत बसे. ते गेले तेव्हाही असेच गेले, चुलीवर दूध होतं. पण माणूस चांगला होता.

तेव्हा तुला माझं ऐकायचं असेल तर पहिली तऱ्हा घे. आपल्यात जेवत्या गिऱ्हाइकाला कुणी उठवलेलं नाही. (मालकीणबाईंच्या सुनेने मला दोनदा उठवलं आहे. – लिहिणारा) हा शिंपी मध्ये मध्ये काय लिहितो ते मला कळत नाही, पण त्याचं पेन चालतं तेव्हा मी बोलत नसते, एवढं मला दिसतं.

वायरीचं तू सांगितलंस ते बरं केलंस. तुझी आई रोज रात्री यंत्र बंद करायची. मी तिला सांगितलं, पोरीने पत्रात लिहिलं आहे, हात लावायचा नाही. आता ते रात्रंदिवस चालू असतं. वरून मी धुतलेलं फडकं घालते, पाखरं उजेडावर येतात म्हणून. तुझ्या डेटाबेसला सांग, इकडून निश्चिंत राहा.

इतकी काळजी करू नकोस. जमलं तर जमलं. नाही जमलं तर जगात सर्व्हर नसलेली माणसं काय उपाशी मरतात? शिंप्याच्या दुकानात सर्व्हर नाही, त्याचं पोट बघ.

तुझी,
आजी

१ मार्च

प्रिय आजी,

हे पत्र शिंपीकाकांनी सावकाश वाचावं आणि मध्ये हसू नये.

बुधवारी दुपारी, दोन जेवणांच्या मधल्या वेळात, आम्ही रंगीत तालीम केली. मी सबुरीची तऱ्हा घेतली. तू म्हणालीस म्हणून नव्हे. साहेब म्हणाले, कुणाची उघडी ऑर्डर वाया जाता कामा नये. मी हुकूम दिला आणि बसले. आत कोण कोण आहे त्याची यादी पडद्यावर दिसते. एकेक करून सगळे गेले. एक राहिला.

त्याने काही मागितलं नाही, काही केलं नाही. नुसता बसून होता. मी वाट पाहिली. साहेब येऊन उभे राहिले, त्यांनीही पाहिली. पण लिनक्सला वाट पाहायची एक मुदत दिलेली असते. ती टळली की ती व्यवस्था म्हणते, हा काही आपणहून थांबत नाही, आणि डेटाबेसची मानच मुरगळते. तसंच झालं. परत चालू केल्यावर त्याच्या नोंदीत पहिली ओळ आली की मागच्या वेळी मला नीट बंद केलं नव्हतं. म्हणजे मी सगळं रीतीने केलं आणि निघालं तेच, जे साहेबांनी वायर ओढून केलं होतं. साहेब एवढंच म्हणाले, "मग लग्नाला जाऊनच यायचं होतं."

आता खरं काम पुढच्या रविवारी सकाळी, दहा तारखेला. ही शेवटची संधी आहे असं ते म्हणाले नाहीत, पण त्यांनी माझ्याकडे बघितलं तसं.

मग मी शोधलं की तो न उठणारा कोण. यादीत नुसता क्रमांक दिसतो. क्रमांकावरून खानावळ काढली.

आजी, ती तू आहेस.

तुझं यंत्र रात्रंदिवस जोडलेलं आहे. आणि नुसतं जोडलेलं नाही, त्यावर एक ऑर्डर उघडी होती. सूप, एक, खिडकीजवळचं टेबल. हिरवी खूण दाबलेलीच नाही. तू वीस तारखेच्या पत्रात चालू ठेवल्याचं लिहिलं होतंस, आणि मी ते घाईत वाचलं. चूक माझी. वायर ओढू नकोस म्हटलं म्हणजे बंदच करू नकोस असं नव्हतं. आणि सगळ्या खानावळींना आम्ही पडद्यावर सूचना पाठवली होती की बुधवारी दुपारी यंत्र बंद ठेवा. तुला ती वाचता येणार नाही हे माझ्या डोक्यातच आलं नाही. तुझ्यासाठी चित्रं मीच काढली होती, तरी.

काल फोन केला तर तू हो हो म्हणालीस आणि सूप संपलं म्हणून ठेवून दिलास.

आता ऐक. शनिवारी संध्याकाळी शिंपीकाकांचं सूप झालं की हिरवी खूण दाब. मग आईला यंत्र बंद करायला सांग. तिला येतं. रविवारी दुपारपर्यंत चालू करू नका. एवढं कर. माझं सगळं यावर आहे.

तुझी,
भिंगरी

५ मार्च

भिंगरे,

शिंप्याने "ती तू आहेस" असं वाचलं तेव्हा माझ्या हातात पावाची टोपली होती. मी खाली बसले. आयुष्यात मी कुणाच्या वाटेत आले नाही, आणि आले तर थेट तुझ्या डेटाबेसच्या.

पण माझी बाजूही ऐकून घे. पडद्यावर सूचना आली होती म्हणतेस. मला काय माहीत ती सूचना. मला दिसल्या मुंग्या. ओळीने चाललेल्या. मी फडकं ओलं करून पुसल्या, गेल्या नाहीत, तेव्हा तुझ्या आईला हाक मारली. तिचे हात पिठात होते. ती म्हणाली जाहिरात असेल. मग मी फडकं घालून टाकलं. शिंपी समोरच बसला होता, पण चष्म्याशिवाय त्याला जवळचं दिसत नाही. (लांबचंही तितकंसं दिसत नाही. सुईत दोरा सवयीने जातो. – लिहिणारा)

आणि बुधवारी दुपारी ती वाटी पडद्यावरून आपोआप गेली होती. मला वाटलं माझंच बोट लागलं. मी परत वाटीला बोट लावलं. म्हणजे तुम्ही तिकडे इतकी मेहनत करून माझं सूप पुसलंत आणि मी इकडे लगेच परत मांडलं. मला हे सांगायलाही संकोच वाटतो, पण हसू जास्त येतं.

हिरव्या खुणेचं म्हणशील तर तूच सांगितलं होतंस, गिऱ्हाईक उठलं की दाबायची. शिंपी उठतो कधी? सकाळी दुकान उघडतो, दाराला खुर्ची लावतो आणि इथं खिडकीशी येऊन बसतो, दुकानावर लक्ष इथून राहतं म्हणून. गिऱ्हाईक आलं की जातो, माप घेतो, परत येतो. त्याचं सूप कधी संपलेलं नसतं, निवलेलं असतं. मी ते गरम करून देते. आता हे नवीन सूप की जुनंच? तुझ्या यंत्रात निवलेल्या सुपाचं चित्र नाही. तेव्हा मी ते उघडंच ठेवते. मी खोटी खूण दाबत नाही.

तुझ्या साहेबांचं वाक्य मला आवडलं नाही. पोरीला असं टोचून बोलायचं असेल तर आधी स्वतःच्या हातातली वायर सोडावी. असल्या माणसाच्या हाताखाली थंड खोलीत स्वेटर घालून बसण्यात काय आहे ते मला कळत नाही. इथं चुलीपाशी ऊब असते आणि टोचून बोलायला मी आहेच, घरची.

शनिवारचं लक्षात आहे. बघते.

तुझी,
आजी

११ मार्च

प्रिय आजी,

तुझं पत्र शुक्रवारी मिळालं. शेवटचा तो "बघते" मी चारदा वाचला. लहानपणी जत्रेत जायचं का विचारलं की तू असंच "बघते" म्हणायचीस आणि आपण जायचो नाही.

शनिवारी संध्याकाळी यादी उघडली. तू होतीस. रविवारी सकाळी उजाडता उजाडता ऑफिसात गेले तेव्हाही होतीस. आईला फोन लावला, तिने उचलला नाही, भट्टी पेटवत असणार. खानावळीचा फोन लावला, तो तू उचललास आणि हो हो म्हणालीस.

साहेब कॉफी घेऊन आले होते. माझ्यासाठीही आणली होती, हे मला आधी कळलंच नाही. दोन्ही कप त्यांचेच असतील असं वाटलं. मी सबुरीचा हुकूम दिला. दार लागलं, नवीन कुणी आत येईना. आतले एकेक करून उठले. कुणी भट्टी पेटवण्याआधी यंत्र आवरत होतं, कुणी कालचं उघडं राहिलेलं मिटवत होतं. शेवटी यादीत एकच ओळ. तुझा क्रमांक, म्हणजे सूप, एक, खिडकीजवळ.

मान मुरगळण्याची मुदत मी या खेपेला वाढवून ठेवली होती, पण नाश्त्याची वेळ कुणाला वाढवता येत नाही. त्याआधी नव्या यंत्रावर सगळं उभं व्हायला हवं होतं.

साहेब म्हणाले, "थांबू या. कंटाळून जातील."

मी म्हटलं, "हे गिऱ्हाईक कंटाळणारं नाही."

"ओळखता?"

"चेहऱ्याने ओळखते."

"मग?"

मला तुझं वाक्य आठवत होतं, आपल्यात जेवत्या गिऱ्हाइकाला कुणी उठवलेलं नाही. मी पडद्यावर तुझ्या ओळीकडे बघत बसले. एक आकडा आणि पुढे काहीच नाही. तू तिथं फडक्याखाली बसली आहेस आणि माझ्याकडे बघते आहेस असं वाटत होतं. असाच वेळ गेला असता तर तू जिंकली असतीस, आणि मला ते कुठेतरी आवडलंही असतं. तेच मला खटकलं.

मी म्हटलं, "साहेब, दुसऱ्या तऱ्हेने बंद करते. एकाच ऑर्डरवर पाणी सोडावं लागेल."

"कुणाची?"

"एका आजीबाईंची. वाटीभर सूप."

"आणि त्यांनी तक्रार केली म्हणजे?"

"केली तर माझ्यावर. मी निस्तरेन."

त्यांनी कप खाली ठेवला. मी हुकूम दिला. तुझी ओळ यादीतून गेली. मग डेटाबेसने हातातलं सगळं खाली ठेवलं, जागच्या जागी लावलं आणि आपणहून थांबला. कुणी मान मुरगळली नाही. आम्ही सगळं नव्या यंत्रावर नेलं, चालू केलं, आणि नोंदीत पहिली ओळ आली की मागच्या वेळी मला बंद केलं होतं, अमुक वेळेला. बस, एवढंच. कुणाची तक्रार नाही, पसारा नाही, शोधाशोध नाही. मी ती ओळ वाचून खुर्चीतच बसून राहिले. नाश्त्याला सगळ्या खानावळी चालू होत्या. फोन एकही वाजला नाही. साहेब "हं" म्हणाले. त्यांच्याकडे याहून मोठा शब्द नाही.

आज सकाळी कायम केल्याचं पत्र दिलं. त्यांनी विचारलं, आजीबाईंची तक्रार आली का. मी म्हटलं अजून नाही.

आजी, तुला ताटावरून उठवलं. रागावली असशील. मला एकच सांग, तू हिरवी खूण का दाबली नाहीस?

तुझी,
भिंगरी

१६ मार्च

भिंगरे,

तक्रार लिहून घे. मी खिडकीजवळच्या टेबलाची मालकीण, सांगते की रविवारी सकाळी माझ्या पडद्यावरची वाटी माझ्या देखत गेली. आधी सूचना मिळाली नाही, मुंग्याही आल्या नाहीत. ही तक्रार साहेबांना दाखवू नकोस. तुझ्यापाशीच ठेव, म्हणजे कायम होताना एक तरी तक्रार होती म्हणून तुला फुगून जायला नको.

शनिवारचं विचारलंस. सांगते. शिंपी लिहायला कुरकुरतो आहे, पण मी त्याला म्हटलं की सूप गरम होतं आहे.

शनिवारी संध्याकाळी शिंपी म्हणाला, बाई, सूप संपलं, दाबा. मी म्हटलं तळाला आहे. त्याने वाटी उपडी करून दाखवली. (दोनदा. – लिहिणारा) मी बोट हिरव्या खुणेपर्यंत नेलं. तुझी आई दारात उभी राहून बघत होती, यंत्र बंद करायला. मी तिला म्हटलं, जा, मी करते. आणि केलं नाही.

तू मला कधी उठवणार नाहीस अशी माझी खात्री होती. लहानपणी मी तुझ्या पांघरुणावर बसले तर तू थंडीत तशीच पडून राहायचीस, आजी ऊठ म्हणायची नाहीस. मी हिशेब केला की मी बसून राहिले तर तूही बसून राहशील. यंत्र थांबायचं नाही, साहेब ओरडतील, आणि महिनाअखेर तू पिशवी घेऊन दारात. तुझी खोलीही झाडून घेतली होती. तुझ्या आईला म्हटलं, उगाच, जाळी झाली आहेत.

रविवारी मी पहाटेच गल्ल्याशी येऊन बसले. फडकं काढलं आणि वाटीकडे बघत राहिले. फोन वाजला तेव्हा मला सगळं ऐकू आलं. म्हणजे शब्द नाही, पण आवाज ऐकू आला, घाबरलेला. तरी मी हो हो म्हणून ठेवला. परत येऊन बसले. बराच वेळ वाटी होती. मला वाटलं, झालं, आली पोरगी घरी. आणि मग ती गेली. कुणी फुंकर मारून दिवा घालवावा तशी.

मला राग आला. खोटं कशाला बोलू. शिंप्यावर ओरडले, तो तर तेव्हा आलाही नव्हता. तुझी आई बाहेर आली, तिने पडद्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि मला चहा आणून दिला. चहा पिताना माझ्या लक्षात आलं की तुला किती जड गेलं असेल. तरी उठवलंस. आणि उठवून पळून गेली नाहीस, सगळं आवरून, पुसून, दार लावून गेलीस. मला तर शिंप्याला उठवायचं अजून जमलेलं नाही, आणि तो परका माणूस.

(परका हा शब्द मी लिहिला, पण मान्य केलेला नाही. – लिहिणारा)

तू येणार नाहीस ते मला आता कळलं. कुणी तोंडाने सांगून कळलं नसतं. तुझ्या खोलीत बटाट्याची पोती ठेवली आहेत, तिथं कोरडं राहतं. गल्ल्यावर बसायला शिंप्याची पुतणी येणार आहे सोमवारपासून. तिला वाचता येतं, पुढच्या वेळी मुंग्या काय म्हणतात ते ती सांगेल. तू पाहुणी म्हणून ये, हवं तेव्हा. पोती बाजूला सरकवू.

तुझ्या साहेबांनी कॉफी आणली हे मी नोंदवून ठेवलं आहे. माणूस अगदीच वाया गेलेला नाही. कपाला कान होता का, की हातात चटका बसेल असा होता? कळव.

आता तू कायमची नोकरदार. तेव्हा सुकी अंजिरं पाठव. मऊ बघून घे, बोटाने दाबून, दुकानदाराच्या तोंडाकडे बघून नको. पिशवीत घालू नकोस, चुरडतात. झाकणाच्या डब्यात घाल आणि झाकणाला दोरी बांध. डब्यावर नाव माझं टाक. तुझ्या आईच्या नावाने आली तर ती खानावळभर वाटते, आणि माझ्या वाटणीला देठ येतात.

तुझी,
आजी